नवी गाडी आली का? आधी ती नीट शिका, मग आतून जपा

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाला सगळं समजावून सांगतो म्हणे. सांगतो खरा, पण कधी, तर आई ओवाळायला ताट घेऊन उभी, पोरं मागच्या सीटवर उड्या मारतायत, कोणीतरी फोटोसाठी ती भली मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात कोंबतंय, आणि तो बिचारा "सर हे क्रूझ, हे ऑटो होल्ड, हे कनेक्टेड ॲप" करत भराभर सुटलेला, कारण मागे पुढची डिलिव्हरी उभी असते. घरी येईपर्यंत त्यातलं एसी आणि हॉर्न सोडून काही डोक्यात राहत नाही.

आमच्याकडे जुनी साधी हॅचबॅक जाऊन बटणांनी भरलेली ऑटोमॅटिक आली तेव्हा जे जे शोधत बसावं लागलं ते एका जागी लिहून ठेवतोय. अर्धं गाडी शिकण्याबद्दल आहे, अर्धं ती आतून जपण्याबद्दल. आणि जपण्याबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो, गाडी आतून खराब होते ती वापरून कमी, तिला जपायला म्हणून आपण जे काही चिकटवतो, अंथरतो आणि चोपडतो त्यानं जास्त.

हाताशी काय ठेवायचं

- दोन-तीन मायक्रोफायबर फडकी, वेगवेगळ्या रंगांची (एक फक्त काचेला, एक फक्त आतल्या प्लास्टिकला)
- मऊ केसांचा एक जुना रंगाचा ब्रश, एसीच्या जाळ्यांसाठी
- साधा सौम्य शाम्पू किंवा लिक्विड सोप, पाण्यात अगदी पातळ करून
- हवा मोजायचा छोटा गेज
- पुढच्या काचेला लावायची घडीची सनशेड
- मॅन्युअल, छापील नाहीतर कंपनीच्या साइटवरची पीडीएफ फोनमध्ये

बस. ॲक्सेसरीच्या दुकानात जायची गरज अजून नाही.

१. पूजेच्या दिवशीच निम्मे डाग पडतात

पूजा करायचीच, त्यात वाद नाही. पण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं की संध्याकाळपर्यंत ते भरपूर पाण्यानं धुऊन टाका, आठवडाभर उन्हात मिरवू नका, लाल सावली धरून बसते. हार घालताना आतली टाचणी किंवा तार रंगाला लागणार नाही असं बघा, आणि झेंडू तिथंच कुजू देऊ नका.

आत जास्त काळजी. हल्ली बेज सीटची फॅशन आहे आणि स्टिअरिंगला हळदकुंकू लावलेला हात पुढच्या क्षणी सीटवर टेकतो. कुंकू सांडलं तर ओलं फडकं आणू नका, आधी कोरड्या ब्रशनं झटका नाहीतर व्हॅक्यूमनं ओढा, पाणी लागलं की ते कापडात उतरतं. हळदीचं तर घराघरात माहीत आहे, साबण लागला की डाग लाल होतो. ते गाडीतही तसंच होतं. म्हणून हळदीला आधी नुसतं पाणी, टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि गाडी दार उघडं ठेवून उन्हात लावायची. हळदीचा रंग उन्हानं उडतो, राहिलेला डाग काही दिवसांत फिका पडत जातो.

आता गणपती. डॅशबोर्डवर डावीकडे, पॅसेंजरच्या समोर जिथं एअरबॅग लिहिलेलं असतं त्या झाकणावर मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग उघडते तेव्हा ते झाकण जोरात फाटून वर येतं आणि मूर्ती थेट समोरच्या माणसाच्या तोंडावर. मधोमध, स्क्रीनच्या अलीकडे-पलीकडे सपाट जागा असते तिथं ठेवा. डबल टेप लावायच्या आधी हेही लक्षात घ्या की मे महिन्यात तो टेप वितळून डॅशबोर्डवर असा बसतो की मूर्ती निघते, टेप नाही. आरशाला माळा, लिंबू-मिरची, रुद्राक्ष वगैरे लटकवणं मला तरी पटत नाही, डोळ्यासमोर सतत काहीतरी हलत राहतं. लिंबू-मिरची बाहेर पुढच्या बंपरखाली बांधा की, दृष्ट तिथूनही उतरते.

२. कागद: इथं एक मोठा सापळा आहे

आरसी, विम्याची पॉलिसी, इनव्हॉइस, वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे कागद, रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, फास्टॅग कुठल्या बँकेचा आहे ते, आणि दोन्ही किल्ल्या. किल्लीसोबत कोड असलेला छोटा टॅग आला असेल तर तो घरी कपाटात ठेवा, गाडीत नाही. आरसी, लायसन डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये घेऊन ठेवा, ते चालतं.

सापळा विम्याचा. नव्या खासगी गाडीला २०१८ पासून ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, घ्यावाच लागतो, त्यामुळे पॉलिसीवर ३ वर्षांची तारीख दिसते आणि लोक निवांत होतात. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ओन डॅमेज, तो बहुतेक वेळा १ वर्षाचाच असतो. दुसऱ्या वर्षी कोणी ठोकलं की मग कळतं. दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा आणि फोनमध्ये रिमाइंडर टाका. तोच रिमाइंडर पीयूसीलाही (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र), नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, वर्ष उलटलं की लागते, आणि ती तारीख हमखास विसरली जाते.

३. गाडी उभी ठेवून तासभर आत बसा

मॅन्युअल पलंगावर लोळत वाचून काही होत नाही. गाडी पार्किंगमध्ये लावा, हँडब्रेक ओढा, मॅन्युअल मांडीवर घ्या आणि एकेक बटण दाबून बघा. घरातली जी जी माणसं गाडी चालवणार त्यांना सोबत घ्या, नाहीतर नंतर "अहो वायपर बंद कसा करायचा" असा फोन भर मीटिंगमध्ये येतो.

आधी बसणं जमवा. पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. हेडरेस्ट मानेला नाही, डोक्याच्या मागे यायला हवी, बहुतेक लोक ती सगळ्यात खाली ठेवूनच वर्षानुवर्षं फिरतात.

मग ह्या गोष्टी शोधून काढा, कारण ह्या लागतात तेव्हा रात्र असते आणि पाऊस असतो:

- पेट्रोलच्या काट्याजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो, टाकीचं झाकण त्या बाजूला. फोर्डच्या एका इंजिनिअरनं १९८६ मध्ये ही कल्पना सुचवली होती, आता जवळपास सगळ्या गाड्यांत आहे, पण पंपावर चुकीच्या बाजूला गाडी लावणारे कमी झालेले नाहीत.
- स्मार्ट किल्लीच्या पोटात लपलेली खरी किल्ली, आणि ती दाराला कुठं लागते ते भोक. काही गाड्यांत ते एका टोपणाखाली असतं.
- किल्लीचा सेल गेला तर काय. बऱ्याच गाड्यांत किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवून दाबली की गाडी चालू होते. करून बघा एकदा.
- बॉनेटचा खटका, दोन्ही, आतला आणि पुढच्या फटीतला.
- जॅक, पाना, टोइंगचा हुक, आणि तो हुक बंपरमध्ये कुठं फिरवून बसतो ते.
- स्टेपनी आहे का, आणि आहे तर ती बाकी चाकांएवढी आहे का. लहान असेल तर त्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक ताशी ८० किमी. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चर किट.
- मागच्या दारांचं चाइल्ड लॉक. हे चुकून लागलेलं असतं आणि मागे बसलेली मावशी आतून दार उघडत नाही म्हणून घाबरी होते.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतो. टायर थंड असताना मोजायची, पंपावरचा पोरगा विचारेल "किती, ३५?" तेव्हा हो म्हणू नका, स्टिकर सांगेल तेवढीच. आणि काही गाड्यांत हवा भरल्यावर टायर प्रेशरची सिस्टीम मेनूतून रीसेट करावी लागते, ते नाही केलं की पिवळा दिवा उगाच लागून राहतो.

८० च्या वर गेलं की गाडी पिंग करते आणि १२० च्या वर सतत ओरडत राहते, तो बिघाड नाही. जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या कारना ते बंधनकारकच आहे, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टचा बझरही त्यातलेच. बझर बंद व्हावा म्हणून सीटबेल्टच्या खाचेत अडकवायच्या नुसत्या क्लिपा दुकानात मिळतात. त्या घेऊ नका, एवढंच सांगतो.

४. दिव्यांचे रंग पाठ करा

मॅन्युअलमधली सगळी चिन्हं पाठ होत नाहीत, व्हायची गरजही नाही. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, पिवळा म्हणजे सवडीनं पण लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसतं काहीतरी चालू आहे. लालमध्ये दोन नीट ओळखून ठेवा, तेलाच्या किटलीचं चित्र आणि तापमानाचं. हे पेटले तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" नाही, इंजिन लगेच बंद. आणि तापलेल्या गाडीच्या कूलंटचं झाकण उघडायचं नाही.

एबीएसचंही एक, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम. जोरात ब्रेक मारला की पायाखाली पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो. पहिल्यांदा असं झालं की माणूस दचकून पाय काढतो, नेमका तेव्हाच काढायचा नसतो. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, एकदा ते पायाला कळू द्या.

५. ऑटोमॅटिक पहिल्यांदाच घेतली असेल तर

डावा पाय मागे ओढून ठेवा, त्याला काही काम नाही. सवयीनं क्लच म्हणून तो ब्रेकवर पडतो आणि मागचा बाइकवाला शिव्या घालतो.

एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर गाडी स्वतः टाकते) असेल तर चढावर ॲक्सिलरेटर थोडा थोडा देऊन गाडी तोलून धरू नका, क्लच तापतो. ब्रेकवर पाय ठेवा. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी थोडा वेळ धरून ठेवणारी सोय, आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ब्रेक सोडल्यावर ते दोनेक सेकंद धरतं, मग गाडी मागे यायला लागते. ऑटो होल्ड ही वेगळी गोष्ट, ती तुम्ही ॲक्सिलरेटर देईपर्यंत धरून ठेवते, पण बहुतेक गाड्यांत त्याचं बटण आधी दाबावं लागतं आणि काहींत गाडी बंद केली की ते पुन्हा ऑफ होतं. गाडी पार्क करताना आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग गिअर पी (पार्क) वर, म्हणजे उतारावर सगळा भार गिअरबॉक्सवर येत नाही.

६. पावसात काच का धूसर होते

आपल्याकडे जूनमध्ये नवी गाडी घेतलेल्या माणसाची खरी परीक्षा इथं. ताम्हिणी किंवा माळशेज चढताना समोरची काच अचानक पांढरी होते आणि लोक रुमालानं पुसत बसतात. आधी बोट लावून बघा धुकं आत आहे का बाहेर.

आत असेल तर आतली हवा दमट झालीय, माणसांचे श्वास, ओले कपडे. एसी चालू, हवा काचेकडे, आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) बंद करून बाहेरची हवा घ्यायची. एसी लागतोच, कारण तोच हवेतलं पाणी काढतो, हवं तर तापमान वाढवा पण एसी बंद करू नका.

बाहेर असेल तर उलटं, काच एसीनं गार पडलीय आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमतेय. एक वायपर मारा, एसीचं तापमान थोडं वाढवा आणि गार झोत काचेवरून काढा. ह्या दोन्हींत गल्लत केली की जितकं करावं तितकं वाढत जातं.

मागच्या काचेवरच्या त्या तपकिरी रेघा म्हणजे डिफॉगर. तिथं आतून स्टिकर लावायचा नाही, पुसताना रेघांच्या दिशेनं हळू पुसायचं, उभं खरवडलं की रेघ तुटते आणि तेवढा पट्टा कायमचा धूसर. आणि धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालायचं नाही, वळताना तुमचा इंडिकेटर मागच्याला कळतच नाही. हेडलाइट लो बीमवर, फॉग लॅम्प असतील तर ते.

७. कॅमेरे, सेन्सर आणि फास्टॅग

एडास, म्हणजे कॅमेरा-सेन्सरनं ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम, असलेल्या गाडीत आरशाच्या मागे काचेवर कॅमेरा असतो, पावसाचा सेन्सरही बऱ्याचदा तिथंच. फास्टॅग, सोसायटीचा पार्किंग स्टिकर, क्लबचा स्टिकर, काहीही त्याच्या समोर चिकटवू नका. गाडी धुवायला देताना वायपर ऑटोवरून बंद करा, नाहीतर धुणाऱ्याच्या हातावर तो फिरतो.

गाडीला आपल्या लेनमध्ये ठेवणारं लेन कीप पांढऱ्या पट्ट्या बघून काम करतं, त्यामुळे एक्स्प्रेसवेवर ठीक, गावातल्या रस्त्यावर वेडंवाकडं. आपोआप ब्रेक लागणं आपल्या ट्रॅफिकमध्ये दचकवतं, कोणी रिक्षा आडवी घातली की गाडी स्वतःच आवळते. बंद करण्याआधी संवेदनशीलता कमी करायचा पर्याय मेनूत असतो तो बघा. मागचा कॅमेरा पावसाळ्यात चिखलानं आंधळा होतो, बसण्याआधी बोटानं पुसून घ्यायची सवय लावा.

८. सीटचं प्लास्टिक काढा. आजच.

नवेपणा टिकावा म्हणून सहा-सहा महिने ते पारदर्शक प्लास्टिक सीटवर ठेवणारे काका प्रत्येक सोसायटीत आहेत. त्याखाली घाम आणि ओल अडकते, पावसाळ्यात बुरशी येते, आणि माणूस वळणावर घसरतो ते वेगळंच.

सीट कव्हर घ्यायचंच असेल तर आधी सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅगचा छोटा टॅग आहे का बघा. असेल तर त्या बाजूला खास शिवण किंवा उघडी जागा असलेलंच कव्हर. दुकानदार "काही नाही होत साहेब, फाटतं आपोआप" म्हणेल. त्याच्या म्हणण्यावर सोडायची ही गोष्ट नाही. छताच्या हँडलला हँगर लावून कोट अडकवायचा नाही हेही त्यातलंच, तिथं कर्टन एअरबॅग असते, खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी.

मॅटचं सांगतो. ते जाड, रजईसारखे शिवलेले ७डी मॅट दिसायला झकास, पण खाली पाणी गेलं तर कळत नाही आणि कार्पेट आतल्या आत कुजतं. मला कंपनीच्या मापाचे, उंच काठांचे साधे रबर मॅट सगळ्यात बरे वाटतात, काढले, नळाखाली धरले, लावले. एक नियम मात्र पक्का, ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट नाहीत आणि मॅट हुकात अडकलेलाच पाहिजे. सरकून पेडलखाली गेला तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही.

काळी फिल्म लावून देतो म्हणणारेही भेटतील. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हापासून पोलीस ती काढायला लावतात आणि दंड वेगळा. पार्किंगमध्ये सनशेड लावा, चालताना काढा.

९. काय कशानं पुसायचं

डॅशबोर्डवर चकाकणारं पॉलिश मारून देणारे खूप. ते तेलकट असतं, धूळ धरतं आणि दुपारच्या उन्हात त्याची चमक समोरच्या काचेत दिसते, रस्त्याऐवजी डॅशबोर्ड बघत गाडी चालवायची. ओलसर मायक्रोफायबर पुरतं. काही लावायचंच तर पाण्यावर आधारलेलं, चमक न आणणारं, तेही फडक्यावर घेऊन. स्टिअरिंग, पेडल आणि सीटबेल्टला कुठलंच पॉलिश नाही.

स्टिअरिंग आणि लेदरेटचा मोठा शत्रू म्हणजे सॅनिटायझर. हात ओले असताना धरलं की वरचा थर हळूहळू निघतो, हाताच्या जागीच साल निघालेली दिसते. हात वाळू द्या. नव्या गडद जीन्सचा निळा रंग बेज सीटवर उतरतो, तो ताजा असतानाच पातळ साबणाच्या पाण्यानं टिपला तर जातो, महिनाभर बसला की राहतो.

गिअरभोवतीचं ते चकचकीत काळं प्लास्टिक कोरडं पुसलंत की धुळीनंच बारीक ओरखडे पडतात. आधी ब्रशनं धूळ उडवा, मग ओल्या फडक्यानं. स्क्रीनला घरातला काचेचा स्प्रे नको, स्क्रीन बंद करून ओलसर फडकं. छताचं कापड भिजवून घासायचं नाही, मागचा गोंद सुटतो आणि ते लोंबायला लागतं.

डॅशबोर्डवरची परफ्युमची बाटली जर कलंडली तर ते द्रव प्लास्टिकचा रंग खातं. कापराच्या वड्या जाळीच्या पिशवीत घालून दाराच्या कप्प्यात ठेवा, वास मंद येतो.

आणि रोज गाडी पुसणारे दादा. चाकं ज्या फडक्यानं पुसली त्याच फडक्यानं डॅशबोर्ड, हे मी आमच्या पार्किंगमध्ये रोज बघतो. "दादा, आतलं आम्ही करतो, तुम्ही बाहेरूनच करा, आणि आधी पाणी मारा" एवढं गोडीत सांगितलं की ऐकतात, दिवाळीला शंभर जास्त द्या.

१०. ओल, वास आणि उंदीर

उतरायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतली कॉइल सुकते आणि तो कोंदट वास येत नाही. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो, काढायला हत्यार लागत नाही, उघडून बघा, सुकी पानं निघतील.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत पाणी जायची भोकं असतात. गाडी झाडाखाली राहत असेल तर ती पानांनी बुजतात आणि पाणी आत, छताच्या कापडावर. पावसाळ्याआधी कडा पुसून अर्धा पेला पाणी हळूच ओतून बघा, चाकाजवळ खाली टपकलं पाहिजे.

उंदीर येतात ते उबेला आणि खाण्याला. मागच्या सीटच्या फटीतला चिवडा, शेंगदाणे, पोरांची बिस्किटं वेळच्या वेळी व्हॅक्यूम करा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मधेच चालवून आणा. वायर कुरतडली तर विम्यात बसतं का ते पॉलिसीत आत्ताच वाचून ठेवा.

११. पहिल्या सर्व्हिसला जाताना

बऱ्याच कंपन्यांची पहिली सर्व्हिस १,००० किमी किंवा १ महिना, नेमकं तुमच्या पुस्तकात बघा. तोवर इंजिन फार ताणायचं नाही आणि तासन्‌तास एकाच वेगानंही चालवायचं नाही. कुठं खडखड येत असेल तर तिचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, तिथं गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते.

सर्व्हिस सेंटरचा सल्लागार यादी काढेल, एसी सॅनिटायझेशन, इंटिरिअर कोटिंग, इंजिन डेकार्बनायझिंग. महिन्याच्या गाडीला यातलं काही लागत नाही. जॉब कार्डवर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा, किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा. फास्टॅगचा बॅलन्स बघून ठेवा, वायर कापून लाइट किंवा हॉर्न बसवून देतो म्हणाले तर इलेक्ट्रिकल वॉरंटीचं काय ते लेखी विचारा. गाडी घेतल्यावर सीट आणि आरसे परत आपल्या जागी आणा, आणि टायरची हवा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना आपल्या गेजनं मोजा, सर्व्हिसमध्ये बऱ्याचदा सरसकट जास्त भरून देतात.